खोडदची दुर्बीण कशाच्या शोधात आहे?

पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावच्या पूर्वेला खोडद नावाचे गाव आहे. द्राक्षबागा आणि टोमॅटोची शेते ओलांडत त्या बाजूला गेले, की शिवारातून एकाएकी प्रचंड तबकड्या डोके वर काढताना दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आणि एकूण तबकड्या ३०. त्यांपैकी १४ तबकड्या सुमारे एक चौरस किलोमीटर जागेत जवळजवळ उभ्या आहेत. उरलेल्या १६ तबकड्या इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांप्रमाणे दूरवर पसरल्या असून टोकाटोकाचे अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजेच जी.एम.आर.टी.

शाळेची सहल तेथे गेली, की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातून काय दिसते? डोळ्याला काहीच दिसत नाही, हे उत्तर मुलांना आवडत नाही. पण ते खरे आहे. तबकड्यांवर पडणाऱ्या रेडिओलहरींचे विद्युतसंकेत तंतुप्रकाशीय तारांमधून एका इमारतीत जातात, तेथे ते संगणकावर एकमेकांशी जुळवले जातात आणि बऱ्याच गणितानंतर आकाशाचे चित्र तयार होते. आम्हाला मात्र दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. हा एवढा खटाटोप कशासाठी? आणि त्यातही मीटर-दोन मीटर लांबीच्या लहरीच का पकडायच्या? जगातील इतर बऱ्याच रेडिओ दुर्बिणी तर सेंटिमीटर आणि मिलिमीटर लांबीच्या लहरींकडे वळल्या होत्या.

या प्रश्नाच्या उत्तरात एक गंमत दडलेली आहे. ज्या मुख्य शोधासाठी ही दुर्बीण आखली गेली, तो शोध ठरल्याप्रमाणे लागला नाही. तरीही तेच उद्दिष्ट, रूप बदलून, आज जगातल्या प्रत्येक कमी वारंवारतेच्या रेडिओ दुर्बिणीच्या यादीत अग्रभागी आहे.

लांब लहरींची अडचण

रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच कमी वारंवारतेवर झाला. कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याने १९३३ साली आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून रेडिओलहरी येत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचा अँटेना सुमारे २० मेगाहर्ट्झवर काम करत होता. २० मेगाहर्ट्झची तरंगलांबी किती? प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला २ कोटीने भागले की १५ मीटर. हे गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर करू द्यावे. त्यातूनच पुढची अडचण त्यांच्या लक्षात येईल.

दोन जवळच्या वस्तू वेगळ्या दिसण्याची क्षमता तरंगलांबी भागिले दुर्बिणीचा व्यास या गुणोत्तरावर अवलंबून असते. गुणोत्तर जितके लहान, तितके चित्र रेखीव. रात्री दुरून येणाऱ्या एस.टी.चे दोन दिवे आधी एकच दिसतात आणि गाडी जवळ आली की वेगळे होतात. दिव्यांतील अंतर दीड मीटर धरले, तर साधारण पाच किलोमीटरच्या पलीकडे आपल्या डोळ्याला ते वेगळे ओळखता येत नाहीत. कोनाच्या भाषेत ही मर्यादा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग आहे. आता १५० मेगाहर्ट्झची, म्हणजे दोन मीटर लांबीची लहर घ्या. ४५ मीटरच्या एका तबकडीला आकाशाचा जवळजवळ अडीच-तीन अंशांचा भाग एकच ठिपका म्हणून जाणवतो. त्यात पूर्णचंद्राचे पाच बिंब ओळीने मावतील! एवढी अवाढव्य तबकडी आपल्या डोळ्याच्याही फार मागे पडते.

यावर उपाय म्हणजे अनेक तबकड्या दूर दूर ठेवून त्यांचे संकेत जुळवणे. मग वरील गुणोत्तरात एका तबकडीचा व्यास न येता तबकड्यांमधील अंतर येते. दोन मीटर भागिले २५ किलोमीटर केले, तर कोन सुमारे १७ विकला येतो, म्हणजे डोळ्यापेक्षा साडेतीनपट सरस. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तसतशा तबकड्यांच्या जोड्या आकाशाच्या संदर्भात जागा बदलतात आणि मोठ्या काल्पनिक तबकडीचा पृष्ठभाग थोडा थोडा भरून निघतो.

डॉ. गोविंद स्वरूप यांनी या तंत्राचा श्रीगणेशा आपल्याकडे कल्याणला केला होता. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या जुन्या, सहा फुटी ३२ तबकड्या १९६५ साली तेथे मांडून त्यांनी सूर्याची निरीक्षणे घेतली. मग १९७० साली उटीजवळच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. खोडद ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. येथे तबकड्यांना पत्र्याचा पृष्ठभाग नाही, बारीक पोलादी तारांची जाळी आहे. तारेची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, जाळीची भोके एक ते दोन सेंटिमीटरची. लहर भोकापेक्षा खूप लांब असल्यामुळे तिला ही जाळी अखंड आरशासारखीच असते. वाऱ्याला मात्र ती वाट देते, म्हणून खालचा सांगाडा हलका आणि स्वस्त करता आला. लांब लहरींचा हा एक मोठा फायदा, आणि मर्यादित पैशात जगातील अग्रगण्य दुर्बीण उभारण्याचे रहस्यही हेच.

एकवीस सेंटिमीटरची ओळखखूण

विश्वातील सामान्य द्रव्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश हायड्रोजन आहे. ताऱ्यांमध्ये तो तापून प्रकाशतो, पण दीर्घिकांमध्ये आणि त्यांच्या भोवती पसरलेला थंड हायड्रोजन दृश्य प्रकाशात जवळजवळ अदृश्य असतो. त्याची एकच खूण आपल्याला उपयोगी पडते. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन व एक इलेक्ट्रॉन असतो आणि दोघेही छोट्या चुंबकांसारखे वागतात. त्यांची फिरकी एकाच दिशेने असेल, तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. विरुद्ध असेल तर किंचित कमी. जास्त ऊर्जेच्या स्थितीतून अणू कमी ऊर्जेच्या स्थितीत आला, की २१ सेंटिमीटर लांबीची, १४२० मेगाहर्ट्झची रेडिओलहर बाहेर पडते. नेदरलँड्सच्या व्हॅन दे हुल्स्ट यांनी १९४४ साली हे भाकीत केले आणि १९५१ मध्ये अमेरिकेत इवेन व पर्सेल यांनी ही लहर प्रत्यक्ष पकडली.

एखादा अणू एकटा सोडला, तर त्याला अशी उडी घ्यायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे लागतात. मग ही लहर दिसते तरी कशी? हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. उत्तर साधे आहे : अणूंची संख्या कल्पनेपलीकडची असते.

आता विश्वाच्या प्रसरणाचा मुद्दा आणू. दूरच्या दीर्घिकेतून निघालेली लहर आपल्यापर्यंत येईतो विश्व प्रसरण पावलेले असते आणि लहरही त्याच प्रमाणात ताणली जाते. रबराच्या पट्टीवर शाईने लहर काढून पट्टी ताणली, म्हणजे मुलांना हे एका क्षणात पटते. विश्व आजच्या निम्म्या आकाराचे होते तेव्हा निघालेली २१ सेंटिमीटरची लहर आज ४२ सेंटिमीटरची झालेली असते आणि तिची वारंवारता ७१० मेगाहर्ट्झवर उतरलेली असते. विश्व आजच्या साडेनऊपट लहान होते तेव्हाची लहर दोन मीटरची होऊन १५० मेगाहर्ट्झवर भेटते. त्या वेळी विश्वाचे वय साठ कोटी वर्षांच्या आसपास होते. आज ते १३.८ अब्ज वर्षे आहे.

म्हणजे रेडिओचा काटा फिरवणे हे काळात मागे जाणे झाले. वारंवारता जितकी कमी, तितका जुना हायड्रोजन. कमी वारंवारतेच्या दुर्बिणींचे सर्वांत मोठे उद्दिष्ट यात सामावले आहे. विश्वाच्या बाल्यावस्थेतील वायूचा थेट ठाव घ्यायचा, तर मीटर लांबीच्या लहरींवाचून गत्यंतर नाही.

झेल्डोविच यांची धिरडी

१९८०च्या दशकाच्या मध्यास जी.एम.आर.टी.ची आखणी झाली, तेव्हा दीर्घिका कशा जन्मल्या याविषयी दोन मते होती. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांच्या मते आधी वायूचे अतिप्रचंड, चपटे ढग आकसून तयार झाले आणि मग त्यांचे तुकडे पडून दीर्घिका बनल्या. या ढगांना इंग्रजीत पॅनकेक म्हणत. आपण धिरडी म्हणू. एका धिरड्याचे वस्तुमान आपल्या सूर्याच्या शंभर ते हजार लाख कोटी पट असावे, असा अंदाज होता. दुसरे मत नेमके उलटे होते : आधी लहान गोळे, मग त्यांच्या मीलनातून मोठ्या रचना.

धिरडी खरोखर असती, तर त्यांतील हायड्रोजनचा संकेत पुरेसा जोरकस असता. म्हणून दुर्बिणीच्या पट्ट्या ठरवताना १५०, २३३ आणि ३२५ मेगाहर्ट्झ या वारंवारता घेतल्या गेल्या. १४२० ला या आकड्यांनी भागून पाहावे : साडेनऊ, सहा आणि सव्वाचारच्या आसपास उत्तरे येतात. विश्व आजच्यापेक्षा तितके पट लहान असतानाची ही खिडकी. वेगाने फिरणारे स्पंदतारे, म्हणजे पल्सार, शोधणे हे दुसरे मोठे उद्दिष्ट होते.

तबकड्या उभ्या राहीपर्यंत सिद्धान्ताचे पारडे फिरले. विश्वातील बहुतांश द्रव्य अदृश्य व 'थंड' आहे आणि अशा विश्वात लहान रचनाच आधी घडतात, याचे पुरावे साचत गेले. ४ ऑक्टोबर २००१ रोजी दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली, तोवर धिरडी सापडण्याची आशा मावळली होती. आम्हाला यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. दुर्बिणीने विचारायचा प्रश्न होता, 'सुरुवातीचा हायड्रोजन कसा मांडलेला होता?' उत्तर फक्त पूर्वी वाटले त्यापेक्षा कितीतरी क्षीण आवाजात येणार होते, एवढेच.

मग नवे रूप असे ठरले. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पुरेसे थंड होऊन हायड्रोजनचे उदासीन अणू बनले. ताऱ्यांचा अजून पत्ता नव्हता. या कालखंडाला अंधारयुग म्हणतात. पुढे पहिले तारे पेटले, त्यांच्या अतिनील प्रकाशाने भोवतालच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवून लावले आणि उदासीन वायूत आयनांचे बुडबुडे पडू लागले. बुडबुडे वाढत एकमेकांत मिसळले आणि साधारण एक अब्ज वर्षांपर्यंत दीर्घिकांमधला बहुतेक सर्व वायू आयनीभूत झाला. २१ सेंटिमीटरची खूण फक्त उदासीन हायड्रोजनला असते. त्यामुळे बुडबुड्यांच्या जागी संकेत नाही, बाकीच्या जागी आहे, असे भोकाभोकांचे चित्र मिळायला हवे. भोके कधी पडू लागली, किती मोठी होती, यावरून पहिल्या ताऱ्यांविषयी आपल्याला कळेल. ते तारे एकेकटे कोणत्याही दुर्बिणीला दिसणे जवळजवळ अशक्य आहे.

दहा हजार पट गोंगाट

हे ऐकायला सोपे, पण करायला महाकठीण. आपल्याच आकाशगंगेतील वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना रेडिओलहरी सोडतात आणि वारंवारता कमी करत जावे तसा हा गोंगाट झपाट्याने वाढतो. १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा सर्वांत शांत कोपराही तापमानाच्या भाषेत काही शे केल्विन इतका 'तापलेला' असतो. शोधायचा संकेत आहे केल्विनच्या शंभराव्या भागाच्या आसपास. म्हणजे दहा हजार पटींहूनही अधिक गोंगाटातून एक कुजबुज वेगळी काढायची.

ती वेगळी काढण्याची युक्ती आलेखावर छान दाखवता येते. आकाशगंगेचा गोंगाट वारंवारतेप्रमाणे अगदी सावकाश, गुळगुळीत वक्राने बदलतो. हायड्रोजनचा संकेत मात्र प्रत्येक वारंवारतेला वेगळ्या काळाचा, म्हणजे वेगळ्या जागेचा असल्याने खडबडीत असतो. गुळगुळीत वक्र वजा केला, की खडबड उरावी. प्रत्यक्षात मात्र उपकरणाचा स्वतःचा किरकोळ दोषही त्या वक्रावर सुरकुत्या पाडतो आणि सुरकुती कोणती व संकेत कोणता, हे ठरवण्यात वर्षे जातात. वर आयनांबर आहेच. वाहत्या पाण्यातून तळाचा खडा जसा हलताना दिसतो, तसे आकाशातील स्रोत आयनांबरामुळे जागचे हलल्यासारखे दिसतात आणि लहर जितकी लांब तितके अधिक हलतात.

जी.एम.आर.टी.च्या निरीक्षणांवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेली मर्यादा पाव केल्विनच्या आसपास होती : संकेत असलाच तर याहून मोठा नाही. त्यानंतर नेदरलँड्समधील लोफार, पश्चिम ऑस्ट्रेलियातील एम.डब्ल्यू.ए. आणि दक्षिण आफ्रिकेतील हेरा या दुर्बिणींनी ही मर्यादा बरीच खाली आणली. बुडबुड्यांचा संकेत मात्र अजून कोणालाही निर्विवादपणे मिळालेला नाही. तरी 'मिळाला नाही' यातूनही काही कळते. वायू अगदी थंड असता, तर संकेत अधिक तीव्र आला असता. तो आला नाही, त्याअर्थी पहिल्या तारकासमूहांतील क्ष-किरणांनी वायू आधीच तापवला असावा, असा निष्कर्ष हेराच्या गटाने २०२२ मध्ये काढला.

याच क्षेत्रातील एक प्रसंग विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे. २०१८ साली एज नावाच्या अमेरिकन प्रयोगाने ऑस्ट्रेलियातील एका छोट्या अँटेनाच्या आधारे ७८ मेगाहर्ट्झजवळ संकेत सापडल्याचे जाहीर केले. पहिल्या ताऱ्यांच्या पहाटेचा तो ठसा असल्याचे मानले गेले. पण तो अपेक्षेपेक्षा दुपटीहून खोल असल्याने नव्या भौतिकीची चर्चा सुरू झाली. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने हे पडताळायला 'सारस' नावाचा अँटेना बनवला आणि तो चक्क कर्नाटकातील जलाशयांवर तराफ्याने तरंगत ठेवला. जमिनीखालचे मातीचे व खडकाचे थर लहरींना वेगवेगळे परावर्तित करतात आणि तीच सुरकुती संकेत भासू शकते. खोल पाणी मात्र एकसारखे असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सारसला तसा संकेत आढळला नाही.

मधल्या काळातला हायड्रोजन

बालविश्वाचा संकेत हाती येईपर्यंत खोडदच्या दुर्बिणीने हायड्रोजनचा पाठलाग सोडला नाही. तो थोड्या अलीकडच्या काळात केला. विश्वात तारे जन्मण्याचा वेग आठ-दहा अब्ज वर्षांपूर्वी आजच्या दहापट होता आणि नंतर तो घसरत गेला. का घसरला? ताऱ्यांचा कच्चा माल म्हणजे हायड्रोजन वायू, त्याचा साठा पाहिला पाहिजे. पण इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा संकेत गोंगाटात पूर्ण बुडालेला असतो.

२०१० नंतरच्या दशकात दुर्बिणीची ग्राहक यंत्रणा नवी केली गेली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू येई, तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला. त्यामुळे एकाच निरीक्षणात वेगवेगळ्या अंतरांवरील हजारो दीर्घिका टिपता येऊ लागल्या. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत, प्रत्येकीच्या ताणलेल्या वारंवारतेनुसार सरकवून, एकावर एक रचले. गोंगाट यादृच्छिक असल्याने बेरजेत तो संख्येच्या वर्गमुळाने वाढतो. संकेत संख्येच्याच पटीने वाढतो. म्हणजे फायदा ७,६५३ च्या वर्गमुळाइतका, सुमारे ८७ पट. वर्गातल्या गोंधळात सगळी मुले एकच शब्द एकाच क्षणी हळू म्हणाली, तर तो ऐकू येतो, तसेच हे. २०२० साली 'नेचर' या नियतकालिकात हे काम आले. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन भरपूर होता, पण तारे ज्या वेगाने जन्मत होते त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून पुरेसा नवा वायू येईना, म्हणून ताऱ्यांचा जन्मदर घसरला असावा. घरात धान्य भरपूर आहे, पण खाणारी तोंडे त्याहून जास्त, असा हा प्रकार. गोविंद स्वरूप यांचे निधन त्याच वर्षी ७ सप्टेंबरला, या निबंधाच्या थोडे आधी झाले.

स्पंदतारे आणि विझत्या दीर्घिका

पल्सारचा शोध १९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल यांना लागला, तोही ८१.५ मेगाहर्ट्झवर. ते उपकरण क्वासारांचे लुकलुकणे पाहण्यासाठी बांधलेले होते! पल्सार कमी वारंवारतेवर अधिक तेजस्वी असतात, म्हणून त्यांचा शोध हे या दुर्बिणींचे स्वाभाविक काम आहे. एन.जी.सी. १८५१ या गोलाकार तारकागुच्छात जी.एम.आर.टी.ला एक अतिवेगवान पल्सार सापडला, त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली.

पण आज पल्सारचा उपयोग घड्याळासारखा होतो आणि तेथे लांब लहरींचे काम वेगळेच आहे. अवकाशातील विरळ इलेक्ट्रॉनमुळे कमी वारंवारतेचा ठोका मागे रेंगाळतो. उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १४०० ऐवजी ४०० मेगाहर्ट्झवर पाहिले, तर तो सव्वाबारा पट होतो. नुसत्या उच्च वारंवारतेवर हा उशीर अचूक मोजता येत नाही. लांब लहरींवर तो ठळक दिसतो आणि घड्याळातून वजा करता येतो. दीर्घिकांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना ज्या संथ गुरुत्वीय लहरी निर्माण करतात, त्या अशा घड्याळांच्या चुका एकत्र पाहून शोधायच्या असतात. एका लहरीला काही वर्षे लागतात. २९ जून २०२३ रोजी युरोपीय गटाने आणि भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरे या भारतीय-जपानी गटाने मिळून अशा लहरींचा पुरावा मांडला. अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गटांनीही त्याच वेळी आपापले निष्कर्ष जाहीर केले. भारतीय गटाची निरीक्षणे खोडदचीच होती.

आणखी एक काम लांब लहरींनाच जमते. दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवर इलेक्ट्रॉनांचे झोत फेकते. झोत थांबला, की जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी थकतात, कारण जो जास्त उधळतो त्याची तिजोरी आधी रिकामी होते. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फार काळ मंद तेवत राहतात आणि ते फक्त कमी वारंवारतेवर दिसतात. विझल्या चुलीतली राखेखालची धग जशी हात जवळ नेल्यावरच कळते. भुजंगधारी तारकासमूहातील ३९ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकासमूहात क्ष-किरणांत एक प्रचंड पोकळी दिसत होती. तिच्यात आपल्या आकाशगंगेसारख्या १५ दीर्घिका ओळीने बसतील. जी.एम.आर.टी. आणि एम.डब्ल्यू.ए. यांच्या निरीक्षणांत ती पोकळी जुन्या इलेक्ट्रॉनांच्या लहरींनी भरलेली आढळली आणि २०२० साली ती एका महाभयंकर उद्रेकाची खूण असल्याचे जाहीर झाले. असे अवशेष धुंडाळायला नकाशे लागतात. जी.एम.आर.टी.च्या १५० मेगाहर्ट्झच्या नकाशात, २०१७ च्या आवृत्तीनुसार, आकाशाचा ९० टक्के भाग आणि सहा लाखांहून अधिक स्रोत आहेत.

शांततेची किंमत

या सगळ्याला एक गोष्ट अत्यावश्यक आहे : रेडिओ शांतता. खोडदची जागा निवडताना मोठ्या शहरांपासूनचे अंतर, भोवतालचे डोंगर, वाऱ्याचा कमी जोर आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेला असणे हे सारे पाहिले होते. पण चंद्रावर ठेवलेला एक साधा मोबाइल फोनसुद्धा या दुर्बिणीला आकाशातील अतितेजस्वी स्रोतांपैकी एक वाटला असता; मग शेजारच्या शिवारातील फोनचे काय? विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या, मोबाइलचे मनोरे, नवे कारखाने यांची सतत तपासणी करावी लागते. एफ.एम. रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ वापरतो, म्हणजे पहिल्या ताऱ्यांच्या काळातील हायड्रोजनची नेमकी जागा आपण गाण्यांना दिलेली आहे. अलीकडे पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गावरून वाद झाला, त्यातही दुर्बिणीला होणारा व्यत्यय हा एक मुद्दा होता. तालुक्यातील लोकांना रेल्वे हवी असणे अगदी रास्त आहे. शांतता एकदा गेली की ती परत विकत मिळत नाही, हेही तितकेच खरे. या प्रश्नावर वर्गात दोन्ही बाजूंनी चर्चा घडवून आणावी. खुद्द आकाशातही निर्धास्त राहता येत नाही. दळणवळण उपग्रहांमधील विद्युत उपकरणांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान अनाहूत लहरी गळत असल्याचे लोफारच्या निरीक्षणांतून २०२३ साली दिसून आले.

म्हणूनच पुढची मोठी दुर्बीण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ निर्मनुष्य प्रदेशात उभी राहत आहे. स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरेच्या कमी वारंवारतेच्या या भागात ५० ते ३५० मेगाहर्ट्झसाठी १,३१,०७२ अँटेना असतील. ते तबकड्यांसारखे वळत नाहीत. माणसापेक्षा थोडे उंच, नाताळच्या झाडासारखे दिसणारे हे अँटेना जागचे हलत नाहीत आणि कुठे पाहायचे ते संगणक ठरवतो. भारत या प्रकल्पात सहभागी आहे; केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. बुडबुड्यांचे नुसते अस्तित्व सिद्ध न करता त्यांचे प्रत्यक्ष चित्र काढणे, हे या दुर्बिणीच्या उद्दिष्टांत पहिल्या क्रमांकावर आहे.

त्याच्याही मागे, ताऱ्यांआधीच्या अंधारयुगात जायचे, तर विश्व आजच्या पन्नासपट लहान असतानाची लहर साडेदहा मीटरची होऊन २८ मेगाहर्ट्झवर येते. तेथे आयनांबर लहरींना फार वेडेवाकडे करते आणि १० मेगाहर्ट्झच्या खाली तर ते दारच बंद करते. या कामासाठी शास्त्रज्ञांनी जागा हेरली आहे ती चंद्राची पलीकडची बाजू. तेथे आयनांबराचा अडथळा जवळजवळ नाही, पृथ्वीवरील गोंगाट चंद्राच्या ३,४७६ किलोमीटर जाडीच्या खडकाने अडवलेला असतो आणि सूर्यही दर महिन्याला चौदा दिवस मावळलेला असतो. चीनचे चांग-ई ४ हे यान ३ जानेवारी २०१९ रोजी त्या बाजूला उतरले, तेव्हा त्याच्यासोबत कमी वारंवारतेचा एक छोटा रेडिओ ग्राहकही होता.